जाळे पडण्यापूर्वीचा करार

१/ ३ ऑक्टोबर २०१८. ग्रीनलंडमधील इलुलिसात येथे नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी मध्य आर्क्टिक महासागरात व्यापारी मासेमारी न करण्याचा करार केला. तेथे तोवर अशी मासेमारी कधी झालीच नव्हती. मग बंदी कशासाठी? त्यासाठी तीस वर्षे मागे, बेरिंग समुद्रात जावे लागते.

२/ १९७०च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपापला हक्क प्रस्थापित केला. दोहोंच्या मध्ये, मेदूवड्याच्या भोकासारखा, खुल्या समुद्राचा एक तुकडा उरला. त्याचे नावच पडले ‘डोनट होल’.

३/ तेथे कोणाचाही कायदा चालत नव्हता. जपान, दक्षिण कोरिया, पोलंड, चीन यांचे ट्रॉलर पोलॉक माशासाठी तेथे लोटले. १९८९ मध्ये चौदा लाख टनांहून अधिक मासळी निघाली.

४/ परंतु हा साठा त्या तुकड्यापुरता नव्हता. तेथे चरणारे पोलॉक अंडी घालण्यासाठी अमेरिकी हद्दीतील बोगोस्लोफ बेटाजवळ जात. भोकात उपसा झाला, तसा सारा साठाच आटला. १९९२ मध्ये हाती आली जेमतेम १० हजार टन मासळी.

५/ १९९३ मध्ये मासेमारी थांबली. १९९४ मध्ये सहा देशांनी करार केला: साठा १६ लाख ७० हजार टनांपर्यंत पोहोचला, तरच जाळी टाकण्याचा विचार. तो दिवस आजतागायत उजाडलेला नाही.

६/ आता पुन्हा आर्क्टिक. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथील सागरी बर्फ उपग्रह-नोंदींतील नीचांकाला, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला. पाच किनारी देशांच्या हद्दींमध्ये सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचा खुला समुद्र आहे. बर्फाचे कुलूप निघू लागले आणि तेच जुने भोक, कितीतरी मोठे होऊन, समोर आले.

७/ अमेरिकेने २००९ मध्येच आपल्या आर्क्टिक पाण्यात व्यापारी मासेमारी रोखली होती. २०१२ मध्ये दोन हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय कराराची मागणी केली. २०१५ मध्ये ऑस्लो येथे पाच किनारी देशांनी संयमाची घोषणा केली. तथापि खुला समुद्र सर्वांचा. म्हणून चीन, जपान, दक्षिण कोरिया, आइसलँड आणि युरोपीय संघालाही वाटाघाटींत आणले गेले.

८/ करार २५ जून २०२१ रोजी लागू झाला. मुदत सोळा वर्षे. आधी संयुक्त संशोधन, त्यात इन्युइटांसारख्या आदिवासी समाजांच्या ज्ञानालाही स्थान. पुरेशी माहिती आणि नियम हाती आल्यावरच मासेमारीचा निर्णय.

९/ बेरिंगमध्ये देश एकत्र आले, तेव्हा वाचवण्याजोगे फारसे उरले नव्हते. आर्क्टिकमध्ये ते पहिल्या जाळ्याआधी आले. मुदत २०३७ मध्ये संपेल. कोणीही हरकत घेतली नाही, तर ती पाच वर्षांनी वाढेल. दहांपैकी एकाची हरकतही ती रोखण्यास पुरेशी आहे.