बेशुद्धीचे मोजमाप

मोजमापाचा इतिहास मला, अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून, नेहमीच मोलाचा वाटतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाविषयी पूर्वी 'गुंगीत', 'अर्धवट शुद्धीत' असे मोघम शेरे लिहीत. प्रत्येकाचा अर्थ निराळा. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी तीनच गोष्टी पाहावयास सांगितल्या : डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल. पुढे त्यांची बेरीज ३ ते १५ गुणांत मांडली जाऊ लागली. गुण घसरू लागले, की कवटीतील रक्तस्रावाची शंका घेऊन तातडीने स्कॅन व गरजेनुसार शस्त्रक्रिया करता येते. तालुक्याच्या रुग्णालयातील परिचारिकेने नोंदविलेला आकडा दूरच्या शल्यविशारदाला त्याच अर्थाने कळतो. आमच्या फायलींतील 'परिस्थिती नियंत्रणात आहे' या शेऱ्यालाही असाच मापदंड हवा, असे मला वाटते.