अर्ध्या चेहऱ्याला कांदा

जाळ मोठा झाला तर तेल पेट घेईल, लहान झाला तर उकळी मोडेल. म्हणून तुम्ही कढईपाशी उकिडवे बसून एकेक काटकी आत सारताय. साल १५३७. आल्प्स उतरून पिएमाँतात घुसलेल्या फ्रेंच फौजेने सूझाच्या खिंडीपुढचा एक किल्ला आज घेतला. कसा घेतला, ते समोर गवतावर ओळीने पडलं आहे.

तलवारीचे वार तुमच्या ओळखीचे आहेत. ही जखम निराळी. वरून बोट जाईल एवढं भोक, आत चेचलेलं मांस, आणि गोळीने सोबत ओढून नेलेली सदऱ्याची चिंधी. बंदुकीच्या जखमेवरचा पहिला उपचार तुमच्या मालकानेही आजवर पाहिलेला नाही. अम्ब्रुआझ पारे त्याचं नाव, वय पंचविशीच्या थोडं पुढे. धंद्याने न्हावी-शस्त्रवैद्य. लॅटिन येत नाही, म्हणून विद्यापीठातले वैद्य त्याला आपल्या पंगतीला बसवत नाहीत. पण जोव्हानी दा व्हिगोचा ग्रंथ त्याने वाचला आहे, आणि त्यात काय करायचं ते स्पष्ट सांगितलंय: बंदुकीच्या दारूचं विष जखमेत भिनतं, ते जाळून काढा. एल्डर नावाच्या झाडाचं तेल, त्यात विषावरचा थोडा उतारा, आणि सगळं उकळतं.

तरी पारे लगेच हात घालत नाही. बाकीचे शस्त्रवैद्य काय करतात ते आधी पाहून येतो. ते उकळतंच ओततायत. मग तोही धीर करतो. चौघांनी माणूस धरायचा, तुम्ही पळी पुढे करायची. ओली भाजी कढईत पडल्यासारखा चर्र आवाज होतो, आणि त्यावर माणसाचा.

ऊन कलताना तुम्ही बुधला उपडा करता.

"संपलं."

"बघ नीट."

"थेंब नाही, मालक."

गवतावर अजून माणसं आहेत. तेल जणू तुम्हीच प्यायलात, असा पारे तुमच्याकडे बघतो. मग अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन एकत्र घोटायला सांगतो. टर्पेंटाइन म्हणजे झाडाची चिकट राळ. उकळायचं नाही. तुम्ही घोटता, तो लावतो, आणि रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. ज्यांना डागलं नाही ते सकाळपर्यंत विषाने गेलेले असणार, ही त्याची भीती.

उजाडायच्या आत तो तुम्हाला हलवून उठवतो. कंदील धरा. बलकवाला पहिला: झोपलाय. जखमेच्या कडा मऊ, सूज नाही. दुसऱ्याला थोडं दुखतंय, पण रात्री डोळा लागला होता म्हणतो. आता तेलवाले. अंगात ताप, कडा फुगून तट्ट, हात लावू देत नाहीत. पारे परत पहिल्याकडे जातो, परत शेवटच्याकडे. तुमचा कंदील त्याच्यामागे चार फेऱ्या मारतो. यापुढे कुणालाही असं जाळायचं नाही, हे त्याने त्या पहाटे ठरवलं आणि १५४५ साली फ्रेंचमध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितलं.

दोन उपचार, एकच रात्र, एकच गवत. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. वाटणी बुधल्याने केली. पण तुम्ही एकविसाव्या शतकातून आलाय, तेव्हा हरकत घ्याल, आणि ती रास्तच आहे: तेल ज्यांना मिळालं ते आधी उचलून आणलेले. तेच जास्त घायाळ असतील तर?

याचं उत्तर पारेकडेच आहे. त्याच फौजेतल्या एका सेनापतीच्या मुदपाकखान्यातला एक पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. पारे औषध आणायला गेला, तिथे एका खेडवळ म्हातारीने त्याला सांगितलं, कच्चा कांदा मिठाबरोबर ठेचून लाव. त्याने लावला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर जिथे कांदा बसला होता तिथे फोड नाहीत. दुसरा कुणी असता तर "म्हातारीचा अनुभव" म्हणून गप्प बसला असता किंवा उद्यापासून सगळ्या फौजेला कांदा चोळला असता. पुढे पहाऱ्यावरच्या एका जर्मन शिपायाचं तोंड दारूच्या भडक्याने भाजलं, तेव्हा पारेने त्याच्या अर्ध्या चेहऱ्याला कांदा लावला आणि अर्ध्याला नेहमीची औषधं.

कांदा तुम्ही ठेचताय, डोळ्यांतून पाणी गळतंय. माणूस एक, भाजणं एक, वेळ एक. कांद्याची बाजू फोडांवाचून राहिली, दुसरी फोडांनी भरली. (हे वाचून भाजल्यावर कांदा लावू नका. गार पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा.) मला त्या कांद्यापेक्षा नाकावरून उतरलेली ती न दिसणारी रेघ मोलाची वाटते. आणि पारे काही ऋषी नव्हता. याच माणसाने तुरीनमधल्या एका शस्त्रवैद्याची दोन वर्षं मनधरणी करून एका मलमाची कृती मिळवली: नुकती जन्मलेली कुत्र्याची पिल्लं लिलीच्या तेलात उकळायची, त्यात गांडुळं घालायची. ती दुसऱ्या अर्ध्या चेहऱ्यावर ताडून पाहायचं काही त्याला सुचलं नाही.

तीच रेघ मग शोधूनही सापडत नाही. सवाई माधवरावांच्या अखेरच्या वर्षांत पुण्याजवळ उतरा. इंग्रजी फौजेच्या बैलांवरचा गडी कावसजी टिपूच्या हाती सापडला होता. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडलं. विटा भाजणाऱ्या जातीतला एक कसबी आता त्याला नाक करून देतोय. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून पाहिला, सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवून, भुवयांमधला देठ राखून, खाली वळवली. तुमच्याकडे काम पट्ट्यांचं. कात पाण्यात मऊ करायचा, कापडाच्या पट्ट्यांना लावायचा, पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक बसवायच्या. चार दिवस उघडायचं नाही. मग तुपात बुडवलेली फडकी. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर पाहत उभे होते. ऑक्टोबर १७९४च्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ साली लंडनच्या जोसेफ कार्प्यूने तसंच नाक करून दाखवलं. सगळं होतं इथे, कसब, धीर, साक्षीदार. कातावाचून सांधा धरला असता का, हे सांगायला मात्र दुसरं नाक नव्हतं.

ग्लासगोत फार रेंगाळू नका. १२ ऑगस्ट १८६५, गाडीचं चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा, हाड मोडून जखम उघडी. शस्त्रवैद्य जोसेफ लिस्टर कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवतो. चार दिवसांनी उघडली, पू नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. पुढे लिस्टरने आकडे मांडले: हात-पाय कापण्याच्या आधीच्या ३५ शस्त्रक्रियांत १६ मृत्यू, कार्बोलिक आल्यावर ४० मध्ये ६. फरक डोळ्यांत भरणारा. पण आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं म्हणजे शेजारच्या खाटा नव्हेत.

आता मास्क लावा. २०२१, भारतातल्या एका रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटर. आतड्याचं काम उरकलं, पोट शिवायचं बाकी. सर्जन हात पुढे करतात.

"सुई द्या."

"आधी ग्लोव्हज, सर."

तुमच्या ट्रॉलीवर नवा संच मांडलाय: ग्लोव्हज, चिमटे, कात्री. आतापर्यंतचं सगळं बाजूला. हे तुमच्या किंवा सरांच्या मर्जीने नाही, चिठ्ठीने ठरलंय. 'चीटा' नावाच्या या चाचणीत सात देशांतली ८१ रुग्णालयं होती. काही नेहमीसारखं शिवतील, काही सगळं बदलून. त्याच देशांत त्याआधीच्या 'फाल्कन' चाचणीत ५,७८८ रुग्ण होते. आपल्या ओळखीच्या पोव्हिडोन आयोडीनपेक्षा अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन किंवा साध्या धाग्यापेक्षा जंतुनाशक लावलेला धागा सरस आहे का, हे पाहायचं होतं. सरस ठरले नाहीत. ग्लोव्हज मात्र ठरले. १३,३०१ रुग्णांचा हिशेब २०२२ साली छापून आला: नेहमीच्या पद्धतीत शंभरांत १८.९ जणांच्या जखमेत संसर्ग, बदलून शिवलेल्यांत १६.

शंभरामागे तिघं. कंदील घेऊन खाटांमधून कितीही फेऱ्या मारा, हे तिघं दिसणार नाहीत. उकळत्या तेलाचा फरक पारेला एका पहाटेत दिसला, कारण उपचारच दुखण्याहून वाईट होता.

सर कुरकुरत ग्लोव्हज ओरबाडून काढतात. तुम्ही नवे ताणून धरता.

तिसाव्या दिवशी तो रुग्ण तपासणीला येतो, सदरा वर करतो. कोरडी, गुलाबी रेघ. पू नाही, लाली नाही, ताप नाही, तुम्ही फॉर्मवर खुणा करत जाता. हा तुमच्या नव्या ग्लोव्हजमुळे वाचला की तसाही वाचला असता, त्याच्या पोटाकडे बघून सांगता येत नाही.

"खाज सुटते हो इथे फार," तो म्हणतो.

तुम्ही फॉर्म उलटून बघता. खाजेसाठी चौकोन नाही.