पुनर्वसनातील हद्दी: परळ ते हाजीअली

परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा निघाली. तीन वर्षांनी त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, शाळा सुरू झाली. भारतात या दोन्ही विद्यांचे रीतसर शिक्षण इथूनच सुरू झाले. दोन्हींकडचे रुग्ण बरेचसे तेच होते: पक्षाघाताने एक बाजू गेलेले, हाड मोडून सांधा आखडलेले, पोलिओ झालेली मुले. अभ्यासही अर्ध्याहून अधिक सारखा होता: शरीररचना, स्नायूंची कामे, मज्जासंस्था. एकाचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते हा प्रश्न त्यामुळे आरंभापासून होता. पुस्तकांतल्या व्याख्यांनी तो फारसा सुटला नाही. खोलीतले सामान, डॉक्टरची चिठ्ठी आणि पुढे कायदा यांनीच हद्दी आखल्या.

हे दुहेरीपण परदेशातून आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जखमी सैनिकांना पुन्हा उभे करण्यासाठी नागरी स्त्रियांची भरती केली आणि त्या सर्वांना ‘रिकन्स्ट्रक्शन एड’ असे एकच नाव दिले. त्यांतल्या काही मालीश, व्यायाम आणि विजेचे उपचार करत. काही विणकाम, लाकूडकाम, टोपल्या विणणे अशा हस्तकलांतून रुग्णाचे हात आणि मन कामाला लावत. पहिल्या गटातून भौतिकोपचार हा पेशा उभा राहिला. व्यवसायोपचारकांची संस्था मार्च १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे आधीच स्थापन झाली होती; युद्धाने त्या पेशाला माणसे आणि मान दिला. म्हणजे दोन्ही पेशे सैन्याच्या एकाच नावाखाली वाढले. त्यांची कामे पुढे एकमेकांत मिसळली असे म्हणण्यापेक्षा ती पूर्णपणे वेगळी कधी झालीच नाहीत, असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून आहे.

व्यवसायोपचाराची विद्या मुंबईत आणली कमलाबाई निंबकर यांनी. एलिझाबेथ लंडी या नावाने अमेरिकेतल्या क्वेकर कुटुंबात त्या जन्मल्या, विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. मुंबईत शिक्षणाचे काम केल्यावर चाळिशी ओलांडलेल्या वयात त्या अमेरिकेत परत गेल्या, फिलाडेल्फियात व्यवसायोपचार शिकल्या आणि परतून केईएममध्ये शाळा काढली. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघटना स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. शाळा निघून जेमतेम दोन वर्षे झालेली असताना ही जागा मिळणे साधी गोष्ट नव्हती. फलटणचे कमला निंबकर बालभवन आज त्यांच्या नावाने चालते. त्यांच्या रुग्णालयातल्या कामाची ओळख मात्र महाराष्ट्रात अजून फार थोड्यांना आहे, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

व्यवसायोपचाराचे मराठी नावही समजुतीच्या आड आले. माणसाचा वेळ आणि मन ज्यात गुंतते ते सारे ‘ऑक्युपेशन’: जेवणे, आंघोळ, खेळ, स्वयंपाक, नोकरी. ‘व्यवसाय’ हा शब्द मात्र मराठीत धंदा या अर्थाने रुळलेला. चार वर्षांच्या मुलाला व्यवसायोपचार कशासाठी, असे पालकांना वाटले तर त्यात त्यांची चूक नाही. भौतिकोपचाराचे तसे झाले नाही. लोकांनी त्याला ‘शेक’, ‘करंट’, ‘व्यायाम’ अशी आपली नावे दिली आणि तो समजून घेतला.

खोल्यांतले सामान पाहिले की हद्द कशी आखली गेली हे दिसते. भौतिकोपचाराकडे मेणाच्या शेकाची टाकी, विजेने शेक देणारे डायथर्मीचे यंत्र, भिंतीवरचे खांद्याचे चाक, बोटांनी चढायची लाकडी शिडी आणि चालायला शिकवणारे समांतर दांडे. व्यवसायोपचाराकडे माग, सुतारकामाची हत्यारे, खुंट्यांच्या पाट्या, बटणे आणि नाड्या लावलेल्या चौकटी. या सामानातली एक वस्तू मात्र दोन्ही खोल्यांत शोभली असती: सायकलसारखे पायटे असलेली करवत. रुग्ण पायटे मारतो, पाते वरखाली होते आणि हातातल्या प्लायवुडवर आखलेली आकृती कापली जाते. बसण्याची उंची बदलली की गुडघा किती वाकणार ते ठरवता येते, लाकूड जाड घेतले की मांडीच्या स्नायूंवरचा भार वाढतो. पाय व्यायाम करत असतो आणि रुग्णाचे लक्ष लाकडी हत्ती नीट कापला जातो की नाही याकडे असते. उतरत्या फळीवर दोन्ही हातांनी पॉलिशपेपर घासणे हेही तसेच. फळीचा उतार वाढवला की खांदा अधिक वर उचलावा लागतो. हा व्यायाम की काम, याचे उत्तर देता येत नाही, आणि व्यवसायोपचाराचे मर्म याच ठिकाणी आहे.

पोलिओने दोन्ही पेशांना एकत्र काम करायला लावले. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातेमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. त्यातूनच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने जी संस्था सुरू झाली ती आज अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था म्हणून ओळखली जाते. इथे भौतिकोपचारक, व्यवसायोपचारक, कृत्रिम अवयव आणि पायाला आधार देणारे कॅलिपर बनवणारे तंत्रज्ञ, वाचा-उपचारक आणि समाजसेवक एका छपराखाली आले. पोलिओच्या मुलाचे स्नायू एकजण ताणून बळकट करी, दुसरा कॅलिपरचे माप घेई, आणि कॅलिपर घालून शौचाला कसे बसायचे, चौरंगावर बसून आंघोळ कशी करायची हे तिसरा शिकवी. कामे एकामागून एक येत असली तरी उभे राहणे, तोल सांभाळणे ही गोष्ट तिघांच्याही कामात होती.

ज्या ‘कामा’वर व्यवसायोपचाराचे नाव आहे, ते कामही पुढे वाटले गेले. १९६८ साली केंद्रीय श्रम खात्याने मुंबईत आणि हैदराबादमध्ये अपंगांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे काढली. कोणता रुग्ण कोणत्या नोकरीला योग्य हे तपासणे तिथे वेगळ्या समुपदेशकाचे काम झाले. रुग्णालयातल्या व्यवसायोपचाराचा रोख मग हळूहळू मागावरून रोजच्या जगण्याकडे सरकला: एका हाताने भाकरी मोडणे, साडीच्या निऱ्या घालणे, लोकल गाडीत चढणे.

सर्वांत दाट गुंता हाताच्या उपचारात आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर स्नायुबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. शस्त्रक्रियेनंतर त्या स्नायूला नवे काम शिकवल्याशिवाय हात उपयोगी पडत नसे, आणि हात सुधारला तरी पोटापाण्याचे काय हा प्रश्न राहत असे. त्यामुळे व्यायाम आणि सुतारकाम तिथे शेजारी शेजारी आले. अमेरिकेत १९७७ साली हाताच्या उपचारकांनी स्वतंत्र संघटना काढली, तेव्हा तिने दोन्ही पेशांच्या लोकांना सदस्य केले. हात कोणाचा हा वाद तिथे सामायिक कौशल्य मानून मिटवला गेला. हाच मार्ग शहाणपणाचा होता.

मनगट लुळे पडलेल्या रुग्णासाठी स्प्लिंट करताना व्यवसायोपचारक आधी कागदावर हाताची आकृती काढतो, ती प्लॅस्टिकच्या पत्र्यावर उतरवतो, पत्रा गरम पाण्यात बुडवून मऊ करतो आणि रुग्णाच्या हातावरच दाबून आकार देतो. काही मिनिटांत पत्रा कडक होतो. कडा जिथे टोचतात तिथे पुन्हा गरम करून वळवल्या जातात. ऑर्थोटिस्ट, म्हणजे कॅलिपरसारखी आधारसाधने बनवणारा तंत्रज्ञ, तेच मनगट धरणारे साधन दुसऱ्या वाटेने करतो: प्लॅस्टरने हाताचा साचा घेतो, त्यावरून भरीव प्रतिकृती ओततो, आणि भट्टीत तापवलेला टिकाऊ पत्रा तिच्यावर ओढतो. पहिले साधन आठवड्या-आठवड्याला बदलता येते, दुसरे वर्षानुवर्षे टिकते. रुग्णाची गरज कोणती आहे हे पाहून निवड व्हायला हवी. अनेक ठिकाणी मात्र रुग्णालयात यांपैकी कोण आहे, यावरच ती ठरते.

मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांबाबत हद्दी आणखी पुसट झाल्या. लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने विकसित केलेली पद्धत भौतिकोपचारक, व्यवसायोपचारक आणि वाचा-उपचारक अशा तिघांनीही उचलली. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली आणि उपचार थेट शाळेच्या वर्गापर्यंत आणले. मुलाला भात भरवताना मान स्थिर ठेवणे, ओठ मिटवणे, चमचा धरणे आणि घास गिळणे ही चार पेशांची चार कामे नसतात. तो एकच घास असतो, आणि भरवणारी बहुतेक वेळा आईच असते.

कायद्याने या साऱ्याला चौकटी घातल्या, पण त्या एका धोरणाने नव्हे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात ऑर्थोटिस्ट, वाचा-उपचारक, विशेष शिक्षक आणि व्यावसायिक समुपदेशक आले. भौतिकोपचारक आणि व्यवसायोपचारक बाहेर राहिले. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने या दोघांसाठी एकच राज्य परिषद केली. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने त्यांना एका आयोगाखाली, पण दोन स्वतंत्र वर्गांत ठेवले. त्यामुळे एकाच मनगटाची स्प्लिंट गरम पाण्याने करणारा आणि भट्टीने करणारा हे दोघे आजही दोन वेगळ्या कायद्यांखाली नोंदले जातात.