छेदातली माणसे : सार्वजनिक आरोग्याच्या एका पदवीचा इतिहास

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिम दारातून बाहेर पडले की पहाडगंजचा गजबजलेला बाजार सुरू होतो. त्याच्या दक्षिणेला पंचकुइयाँ रस्ता ओलांडला की लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर लागतो. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी हार्डिंग यांनी १७ मार्च १९१४ रोजी या महाविद्यालयाची पायाभरणी केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. महाविद्यालय प्रत्यक्षात उघडले ते ७ फेब्रुवारी १९१६ रोजी, अवघ्या १६ विद्यार्थिनींसह. त्याच्या स्थापनेमागे एक साधे निरीक्षण होते. पडदा पाळणाऱ्या असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत. त्यांचे आजार, त्यांची बाळंतपणे आणि पुष्कळदा त्यांचे मृत्यू घराच्या भिंतीआडच घडत. रुग्णालयाच्या नोंदवहीत त्या नव्हत्याच.

त्याच १९१६ साली, हजारो मैलांवरच्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्यातून आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य यांसाठी स्वतंत्र विद्यालय स्थापन केले. विल्यम वेल्च हे त्याचे प्रवर्तक. एकेका रुग्णावर उपचार करणारे वैद्यक आणि संपूर्ण लोकसमूहाचे आरोग्य जपणारे शास्त्र या दोन वेगळ्या विद्या आहेत, त्यामुळे दुसरीसाठी वेगळे शिक्षण आणि वेगळी पदवी हवी, ही त्यामागची भूमिका होती. आज ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ किंवा ‘एमपीएच’ या नावाने विद्यार्थी जी पदवी ओळखतात, तिच्या जडणघडणीत या विद्यालयाचा वाटा मोठा आहे. दिल्ली आणि बाल्टिमोर येथील या दोन संस्थांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे जुळला, आणि त्या प्रवासाचे महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात आहेत.

या पदवीत नेमके काय शिकवतात? साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, आरोग्य प्रशासन, पर्यावरण आणि समाजशास्त्र असे विषय त्यात असतात. पण या सर्वांच्या मुळाशी शाळेत शिकलेला अपूर्णांक आहे. रुग्णालयात शंभर रुग्ण आले, त्यांपैकी दहा दगावले, एवढे रुग्णालय सांगू शकते. गावात एकूण किती जण आजारी पडले, किती जण दारापर्यंत पोहोचलेच नाहीत, हे त्याला ठाऊक नसते. अंश हाती असतो, छेद अज्ञात असतो. मोजमापाच्या कोणत्याही शास्त्रात ही चूक परिचित आहे. उपकरण जे टिपते तेवढेच अस्तित्वात आहे असे मानले की निष्कर्ष फसतो. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण डॉक्टरला छेद शोधायला लावते, आणि छेद शोधायचा तर घरोघर जावे लागते.

लेडी हार्डिंगमध्ये शिकून हा रस्ता धरणाऱ्यांत डॉ. सुशीला नायर यांचे नाव अग्रभागी आहे. १९१४ मध्ये पंजाबातील कुंजाह येथे जन्मलेल्या सुशीलाबाईंनी एमबीबीएस आणि एमडी या पदव्या याच महाविद्यालयातून घेतल्या. सेवाग्राम आश्रमात त्या गांधीजींच्या वैद्य होत्या. १९४२ च्या आंदोलनानंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्याही स्थानबद्ध होत्या, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले तेव्हा उपचार करणाऱ्यांमध्ये त्या होत्या. औषधांचे आणि एका व्यक्तीच्या शुश्रूषेचे ज्ञान त्यांच्यापाशी भरपूर होते. तरीही गांधीजींच्या हत्येनंतर त्या अमेरिकेला गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेऊन १९५० मध्ये परतल्या. फरिदाबादला त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. पुढे त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी ठरलेल्या कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांच्या आरोग्याची माहिती घेतात. पदवीच्या वर्गात शिकलेला छेद त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या पायरीवर आणून ठेवला.

भारतात असे शिक्षण मिळतच नव्हते, असे नाही. कोलकात्यात १९३२ मध्ये अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली होती, तीही रॉकफेलर प्रतिष्ठानच्याच मदतीने. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने तर प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यातून ‘सामाजिक वैद्य’ घडवावेत, अशी शिफारस केली. परंतु वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय बहुधा दुय्यमच राहिला. शस्त्रक्रिया आणि निदान यांना प्रतिष्ठा मिळाली. घरोघर फिरून केलेल्या मोजणीला ती मिळाली नाही.

या प्रतिष्ठेच्या उतरंडीला महाराष्ट्रात पहिला मोठा छेद दिला तो डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, बरे होऊन गेलेली मुले त्याच आजारांनी पुन्हा येतात आणि सर्वांत गरीब तर येतच नाहीत. रुग्णालय उत्तम चालत होते. पंचक्रोशीचे आरोग्य मात्र होते तिथेच होते. या कोड्याचे उत्तर शोधत दोघे अमेरिकेला गेले आणि जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच झाले. तेथे त्यांना कार्ल टेलर हे शिक्षक लाभले. मसुरीजवळ जन्मलेले टेलर पंजाबातील नारंगवाल येथे ग्रामीण आरोग्याचे क्षेत्रीय संशोधन करत होते.

१९७० मध्ये आरोळे दांपत्याने जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यात काम सुरू केले. १९७१ मध्ये तेथील बालमृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावांनी निवडलेल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका करण्याचा मार्ग पुढे आला. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातल्या होत्या. त्या प्रशिक्षणासाठी नियमितपणे जामखेडला येत, शिकलेले गावात नेत आणि कोणत्या घरी गरोदर स्त्री आहे, कोणते मूल वाळत चालले आहे, याची खबर ठेवत. पुढील दोन दशकांत तेथील बालमृत्यू कित्येक पटींनी घटले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागाच्या प्रयोगांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. तीन वर्षांनी अल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिसरा टप्पा पुन्हा सेवाग्रामपासून सुरू होतो. प्रा. ठाकुरदास बंग अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले होते. जाण्यापूर्वी ते गांधीजींच्या भेटीस गेले. अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेऐवजी भारतातल्या खेड्यांत जावे, एवढाच सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनी परदेशी जाण्याचा बेत सोडून दिला. हा प्रसंग त्यांचे पुत्र डॉ. अभय बंग यांनी अनेकदा सांगितला आहे. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन अभय बंग आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग वर्धा परिसरातल्या खेड्यांत काम करू लागले. त्यानंतर मात्र दोघेही अमेरिकेला गेले आणि १९८४ मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच झाले. त्यांनाही कार्ल टेलर हेच गुरू मिळाले. वरवर पाहता वडिलांनी टाळलेली वाट मुलाने धरली. परंतु १९८६ मध्ये हे दांपत्य थेट गडचिरोलीत जाऊन राहिले, तेव्हा त्या दोन वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या. संशोधनाची पद्धत बाल्टिमोरची होती, संशोधनाचे प्रश्न गडचिरोलीचे.

‘सर्च’ या त्यांच्या संस्थेचे पहिले गाजलेले संशोधन राणीताईंच्या पुढाकाराने वसा आणि अमिर्झा या दोन गावांत झाले. तोवरची स्त्रीरोगांची बहुतेक माहिती रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांवर आधारलेली होती. येथे गावातल्या सर्वच स्त्रियांना, तक्रार असो वा नसो, तपासणीसाठी बोलावले गेले. ६५० स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी ९२ टक्क्यांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. यापूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. लेडी हार्डिंग महाविद्यालय ज्या न दिसणाऱ्या स्त्रियांसाठी उघडले होते, त्या ७३ वर्षांनंतरही न दिसणाऱ्याच होत्या. त्या कोणी लपवल्या नव्हत्या. त्यांना मोजायला कोणी गेले नव्हते.

पुढे बालमृत्यूंकडे लक्ष वळले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे श्वास मोजावे लागतात, पण साठापर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने ते कसे करावे? यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या तारा असलेले साधन तयार झाले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर उपचार सुरू करायचा. इतक्या अल्पखर्चाचे मापनयंत्र कोणत्याही प्रयोगशाळेला भूषणावह वाटावे. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत होत्या, तर ४७ गावे तुलनेसाठी होती. प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर आधी हजारी ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो २५.५ वर आला. ती तुलनेची ४७ गावे नसती, तर ही घट आपोआपच झाली असती, असे म्हणायला जागा राहिली असती.

आज हे शिक्षण घेण्यासाठी बाल्टिमोरला जावे लागत नाही, डॉक्टर असणेही बंधनकारक नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये भारतातला एमपीएच अभ्यासक्रम सुरू केला. आता मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसह अनेक ठिकाणी तो उपलब्ध आहे आणि परिचर्या, सांख्यिकी, समाजशास्त्र, अभियांत्रिकी अशा विविध पार्श्वभूमीचे विद्यार्थी या क्षेत्रात येत आहेत. पदवीनंतर कार्यालयातल्या संगणकावर तयार आकडे हाताळण्याची कामेही भरपूर आहेत, आणि ती आवश्यकच आहेत. पण तो तयार आकडा कोणीतरी कोणाच्या तरी उंबरठ्यावर उभे राहून मिळवलेला असतो. ज्या घरी कोणी गेलेच नाही, ते घर त्या आकड्यात नसते. कोणतीही सारणी पाहताना पहिला प्रश्न याच घराविषयी विचारता येणे, हीच या पदवीची खरी परीक्षा आहे.

२०११ पासून नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली आहे. रुग्णालयात जन्मलेले बाळ घरी आले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जातात, वजन घेतात, ताप पाहतात, श्वास मोजतात आणि नोंद करतात. घरीच बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही जातात. बाळ रुग्णालयात येण्याची वाट त्या पाहत नाहीत.