नागरिकत्वाचें प्रमाणपत्र: सनद कीं निवाडपत्र?

राजानें दिलेली सनद राजास परत घेतां येते; परंतु न्यायसभेनें दिलेलें निवाडपत्र वादी राजा असला तरी फिरवितां येतें काय? जुनीं दफ्तरें चाळणाऱ्यांस हा प्रश्न नवा नाहीं. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील हिंदी गृहस्थांच्या नागरिकत्वासंबंधानें तोच उपस्थित झाला. परमुलुखांतून येऊन येथलेच झालेल्या विणकरांच्या भिवंडींत आम्ही राहतों. म्हणून त्या हकीकतीचें आम्हांस विशेष अगत्य वाटतें.

१७९० च्या कायद्यान्वयें अमेरिकेंत परदेशी मनुष्यास नागरिक होण्यास तो ‘गोरा’ असावा लागे. १८७० सालीं आफ्रिकी वंशीयांसही मुभा मिळाली. हिंदी मनुष्य ‘गोरा’ कीं नाहीं याविषयीं न्यायालयांत एकवाक्यता नसल्यामुळें कित्येक हिंदी लोक नागरिक झाले. पुढें १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें नकारार्थी निर्णय दिला, आणि सरकारनें पूर्वींचीं प्रमाणपत्रें रद्द करण्याचे दावे लावले.

थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ सालीं नागरिक झाले होते. त्यांच्यावरही दावा आला. १९२६ सालीं अपील न्यायालयानें पंडितांच्या बाजूनें निकाल दिला, तो वर्णाच्या मुद्द्यावर नव्हे. पूर्वीं सक्षम न्यायालयानें विचारपूर्वक हुकूम दिला, सरकारनें त्यावर अपील केलें नाहीं, सबब तो वाद संपला, असा त्याचा आशय. १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज नाकारला.

हा आपल्या धर्मशास्त्रांतील प्राङ्न्यायच होय. मिताक्षरेंत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत: सत्य, मिथ्या, प्रत्यवस्कंदन व प्राङ्न्याय. ‘ह्याच वादांत हा पूर्वीं माझ्याकडून हरला आहे’ असें म्हणणें हा शेवटला प्रकार. आणि तो जयपत्रानें किंवा पूर्वींचा न्याय पाहिलेल्यांच्या साक्षीनें शाबीत करावयाचा असतो.

स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील शंकर लक्ष्मण गोखले १९२८ सालीं अपील न्यायालयांत हरले. परंतु सर्वोच्च न्यायालयापुढें सरकारनेंच चूक कबूल केली व निकाल फिरला. मराठी दफ्तराच्या भाषेंत सरकारनें येजितखत लिहून दिलें!

सर्वांचें दैव असें नव्हतें. नागरिकत्व गमावलेले सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णवदास बगाई यांनीं १९२८ सालीं आत्मघात केला. हिंदी लोकांस नागरिकत्वाचें द्वार कायद्यानें उघडलें तें २ जुलै १९४६ रोजीं.

सरकारनें तें प्रमाणपत्र सनदेसारखें मानलें; न्यायालयानें निवाडपत्र ठरविलें. एवढ्या भेदावर मनुष्याचा देश राहिला किंवा गेला. संग्राहकांस आमची विनंती कीं, शिक्क्यांच्या सनदांइतक्याच काळजीनें साधीं निवाडपत्रें, तसेच परदेशस्थ आप्तांचे नागरिकत्वाचे कागदही जपून ठेवावे. पुढील पिढ्यांचीं जयपत्रें तींच होत.