एका भूकंपाच्या दोन तारखा
कोयनेचा विनाशकारी भूकंप सातारा जिल्ह्यात ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. जगातील अनेक भूकंपसूचींत मात्र १० डिसेंबर ही तारीख आढळते. मग नोंद बिघडली म्हणायची का? नाही. जागतिक प्रमाणवेळ आपल्या साडेपाच तास मागे असते. त्या घड्याळात आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती.

१९६२ पासून भरू लागलेल्या कोयना जलाशयाचा या धक्क्यांशी संबंध शोधताना पाण्याच्या पातळीच्या आणि भूकंपाच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागल्या. सांगली जिल्ह्यात वारणा जलाशय भरल्यावर, १९९३ पासून तिकडेही धक्के वाढले, तेव्हा हेच करावे लागले. दोन नोंदवह्यांची घड्याळे वेगळी असतील, तर आधी काय घडले हेच चुकते.

सर्व्हरच्या लॉग फाइलमधील ओळी मागेपुढे दिसल्या, तर आम्ही हीच वाट धरतो. मूळ फाइलला हात न लावता प्रत काढतो, घड्याळ कोणते ते पाहतो, मग दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी ताडतो. विसंगत वाटणारी ओळ घाईने खोडली, तर कदाचित खरा पुरावाच नाहीसा होतो.