धरणापासून तोटीपर्यंत

दिवाळीच्या आठवड्यात पुण्यात ज्या माणसाची सर्वांत अधिक वाट पाहिली जाते तो माणूस म्हणजे पाहुणा नव्हे, जावईही नव्हे. तो म्हणजे नळवाला. वर्षभर थेंब थेंब गळणाऱ्या तोटीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण नरकचतुर्दशी दोन दिवसांवर आली, की न्हाणीघरातील ती तोटी एकाएकी घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसते. सेकंदाला एक थेंब म्हटला, तर दिवसाचे थेंब होतात ८६,४००. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी हे पाणी चार लिटरांवर जाते. एवढ्या पाण्यात एका पोराचे अभ्यंगस्नान नाही, तरी तोंड धुणे सहज व्हावे! मग निरोपावर निरोप जातात आणि ज्याचे नाव आपण वर्षभर काढले नाही, त्या माणसाला “मामा, आजच या हो,” अशी आर्जवे सुरू होतात.

या मामांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. पुण्याच्या पाण्याचा इतिहास मात्र पुष्कळ लिहिला गेला आहे. त्यात पेशवे आहेत, साहेब आहेत, धरणे आहेत, कालवे आहेत. पण धरणातले पाणी आपल्या पेल्यात पडेपर्यंत जो शेवटचा हात लागतो, त्या हाताची हकीकत त्या इतिहासात नाही. ती थोडीशी सांगावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

नळ येण्यापूर्वीही पुण्यात वाहते पाणी होते, हे नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही. इ. स. १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बांध घालून तेथले पाणी शहरात आणण्याचे काम हाती घेतले. कात्रज ते शनिवारवाडा हे अंतर सुमारे आठ किलोमीटर. एवढ्या अंतरात जमिनीखालून दगडी बांधणीचा बोगदा केला आणि तलावाची उंची आणि शहराचा उतार एवढ्याच भांडवलावर पाणी पेठांपर्यंत पोचविले. मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले, की ज्यांतून हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे आणि माणसाला आत उतरून बोगदा साफही करता येई. तेथून खापरी नळांनी पाणी वाड्यांत आणि सार्वजनिक हौदांत जाई. पंप नाही, यंत्र नाही, वीज नाही. केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यातले हजारी कारंजे उडत असे. हौद कोरडे पडले, वाडे पडले; परंतु पंचहौद, बदामी हौद, काळा हौद ही नावे पुणेकरांच्या जिभेवर अजून आहेत. पत्ता सांगताना आपण ज्याचे नाव घेतो तो एके काळचा पाणवठा असतो, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

पण हौदातले पाणी घरात आणायचे कोणी? तेथे माणूस लागे. ऐपतवाल्या घरी पाणक्या असे. तो पाण्याने भरलेले हंडे खांद्यावरून किंवा कावडीने आणून रांजणात ओती. लष्करात आणि रस्त्यांवर भिस्ती पखालीने पाणी पुरवी. बाकीच्या घरांत हे काम बायकांचे. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, आणि आडाच्या रहाटाचा दोर ओढून ओढून हाताला पडलेले घट्टे, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. आणि यांत एक गोष्ट पक्की असे. पाणी कोणी भरावे आणि कोणी त्याला शिवू नये, हे जातीने ठरलेले होते. पाण्याची तहान सर्वांना सारखी. पाण्याचा हक्क मात्र सारखा नव्हता. याच पुण्यात इ. स. १८६८ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. ही गोष्ट आज दोन ओळींत सांगून होते. पण ज्या गावात पाण्यावरून माणसे वाळीत पडत, त्या गावात आपल्या दारच्या पाण्याला सर्वांनी शिवावे असे म्हणणे म्हणजे काय धाडस होते, त्याची कल्पना आपण नळाची तोटी सोडून आरामात बसलेल्यांनी करून पाहावी.

जोतीरावांनी हौद खुला केला त्याच सुमारास पाण्याची दुसरी व्यवस्था आकार घेत होती. मुंबईत विहार तलावाचे पाणी नळाने १८६० मध्ये आलेच होते. पुण्यासाठी कर्नल फाइफ यांच्या योजनेप्रमाणे खडकवासल्याला मुठेवर दगडी धरणाचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७९ मध्ये पुरे झाले. त्या तलावाला साहेबांनी ‘लेक फाइफ’ असे नावही दिले. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. म्हणजे शहरात पाण्याचे नवे युग येत असताना स्वतःच्या घरचा हौद खुला करणारा माणूस शहराच्या कारभारातही बसलेला होता. खडकवासल्याचे पाणी कालव्याने पर्वतीच्या पायथ्याजवळून आले आणि तेथून बिडाच्या नळांनी हळूहळू पेठांमध्ये शिरले.

नळ आला म्हणून पाण्याची शिवाशिव आपोआप गेली, असे मात्र समजू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडला सत्याग्रह करावा लागला आणि त्या तळ्याच्या खटल्याचा मुंबई हायकोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडले. सोवळ्याच्या घरांतून तर नळावरही आक्षेप होता. तोटीत चामड्याचा वायसर असतो, तेव्हा ते पाणी देवाला कसे चालावे? म्हणून देवपूजेला आडाचे पाणी आणि भांडी-धुण्याला नळाचे, अशी सोयीस्कर वाटणी पुष्कळ घरांत झाली होती.

आणि येथेच आपले नळवाले रंगमंचावर येतात. पाणक्या यायचा तो रांजणापर्यंत. नळ मात्र मोरीत गेला, न्हाणीघरात गेला, शेवटी स्वयंपाकघरात गेला. जेथे घरच्या पुरुषालाही सोवळे नेसल्यावाचून पाय टाकता येत नसे, तेथे पान्हा घेऊन एक परका माणूस जाऊ लागला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात मी लहान असताना हे डोळ्यांनी पाहिले आहे. आजी मोठी कडक. पण चुलीमागच्या भिंतीतला नळ फुटला, तेव्हा तिने मामांना तेथवर जाऊ दिले. “लोखंडाला विटाळ नसतो,” असा शास्त्रार्थही तिने तत्काळ काढला. काम झाले, नळ वाहू लागला आणि घामाघूम झालेल्या मामांनी पाणी मागितले. तेव्हा आजीने ते अंगणात नेऊन वरून त्यांच्या ओंजळीत ओतले. ज्याने घरात पाणी आणले, त्याने ते घराबाहेर उभे राहून प्यायचे! पुढच्या खेपेस आई काही बोलली नाही. मामा नळाखाली बसले होते, तेथेच तिने आमच्या रोजच्या फुलपात्रातून त्यांना पाणी दिले. आजीने पाहिले, तीही काही बोलली नाही. आमच्या घरातील समाजसुधारणेचा इतिहास एवढाच आहे आणि तो एका गळक्या नळामुळे घडला.

‘प्लंबर’ हा शब्द लॅटिन ‘प्लंबम’ म्हणजे शिसे यावरून आला. रोमन लोकांचे नळ शिशाचे असत, म्हणून शिशाचे काम करणारा तो प्लंबर. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्राँटिनसने आपल्या ग्रंथात तक्रार केली आहे, की खात्यातले कामगारच नळांना गुपचूप भोके पाडून पाणी विकतात. पाणीचोरी हा आधुनिक पुण्याचा शोध आहे असे मानणाऱ्यांनी एवढ्यावरून समाधान मानावे. शिशाचे नळ आपल्याकडे घरोघर आले नाहीत. आपल्याकडे आले ते जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ. त्यांचे काम करायचे म्हणजे अंगात बळ आणि बोटांत नजर लागे. नळ शेगड्यात धरायचा, माप घेऊन करवतीने कापायचा, डाय फिरवून त्याच्या टोकाला आटे पाडायचे, आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावायचा आणि मग पान्ह्याने सांधा आवळायचा. कमी आवळला तर गळे, जास्त आवळला तर एल्बो तडके. नेमके कोठे थांबायचे हे पुस्तकात नसते. आमचे मामा पान्ह्याच्या दांड्याला कान लावून भिंतीतले पाणी ऐकत आणि “येथे नाही वहिनी, दोन हात पलीकडे फुटलाय,” असे म्हणत. फोडल्यावर फुटलेली जागा तेथेच निघे. वाड्यातला नळ कोणत्या खणातून गेला, जिन्याखाली कोठे वळला, कोणत्या बिऱ्हाडाचा फाटा कोणी कोणत्या साली जोडला, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. नकाशा कोणी काढलेला नव्हता. आमच्या पेठेचा नकाशा म्हणजे मामाच.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचा वाडा पुरातून वाचला, पण दुसऱ्या संकटातून सुटला नाही. गावभर पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही! तेव्हा लोक कात्रजच्या पाण्याच्या हौदांकडे आणि बुजवायचे राहून गेलेल्या आडांकडे वळले. दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडी बोगद्याने पुण्याची तहान भागविण्याचे काम पुन्हा एकदा केले. नळ कितीही पितळी असला तरी तो पाण्याचा केवळ रस्ता आहे, पाणी नव्हे, हे त्या दिवसांत पोरासोरांनाही कळले. आणि पूर ओसरल्यावर चिखलाने तुंबलेल्या तोट्या, उखडलेले फाटे, वाकलेले नळ दुरुस्त करीत घरोघर फिरले ते हेच लोक.

आज पुण्याचे पाणी पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांवर चालते. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, मध्ये पंप, असा पाण्याचा जिना झाला. कारण दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब, हा निसर्गाचा हिशेब पेशव्यांच्या काळी होता तोच आजही आहे. लोखंडी नळ गंजून जाऊन प्लॅस्टिकचे आले. ताग-सफेद्याची जागा टेफ्लॉनच्या पट्टीने आणि डिंकासारख्या द्रावणाने घेतली. नळ कारागिराचा एक वर्षाचा रीतसर अभ्यासक्रम आता आय.टी.आय.मध्ये शिकवितात. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याने तर देशभर नळवाले पुरविले असून तेथल्या पट्टामुंडाईला या विद्येची सरकारी संस्थाच आहे. हे सर्व चांगलेच झाले. ज्ञान घराण्यात न अडकता शाळेत गेले, तर कोणाला वाईट वाटावे?

तरीही घरकामासाठी माणूस बोलावताना जवळचा, आपल्या भागातला बोलवावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो स्वस्त पडतो म्हणून नव्हे. ज्याला उद्या याच रस्त्याने जायचे आहे, तो आज सांधा नीट आवळतो. काम सुरू होण्यापूर्वी मजुरी आणि सामान यांचा हिशेब वेगवेगळा ठरवून घ्यावा. आल्याबरोबर जो भिंत फोडायला निघतो त्याच्यापेक्षा, आधी मुख्य चावी कोठे आहे, टाकी किती वाजता भरते, गळती रात्री वाढते का, असे चार प्रश्न विचारतो तो माणूस धरून ठेवावा. नवा नळ भिंतीत बुजण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. आणि त्याने पाणी मागायच्या आधी त्याला पाणी द्यावे.

आमचे मामा गेले तेव्हा आमच्या पेठेतल्या कितीतरी भिंती मुक्या झाल्या. पुढे वाडा पाडायला घेतला, त्या वेळी जोत्याखाली एक खापरी नळ निघाला. त्याच्या शेजारून, वीतभर अंतरावरून, मामांनी बसविलेला लोखंडी नळ गेला होता. खापरी नळाला त्यांनी धक्का लागू दिलेला नव्हता. तो तेथे आहे हे त्यांना ठाऊक होते, पण आम्हांला त्यांनी कधी सांगितले नाही. कारण आम्ही कधी विचारलेच नाही. आता आमच्या नव्या घरात बिलांच्या फायलीबरोबर एक वही असते. कोणता नळ कोठून गेला, कोणी बसविला, कोणत्या तारखेला, हे सारे तिच्यात लिहिलेले आहे. पहिल्या पानावर, आराखडा काढून देणाऱ्या नळवाल्याने, आम्ही आग्रह केल्यावर, थोडेसे लाजत आपली सही केली आहे.